जुनं एजन्सीचं काम पोर्टफोलिओत दाखवायचं तर कुठे? बिहान्स, अडोबी पोर्टफोलिओ आणि बाकीचे पर्याय, कायद्याच्या कसोटीवर

पोर्टफोलिओसाठी, म्हणजे आपल्या निवडक कामाच्या संग्रहासाठी, साइट निवडताना बहुतेक जण आधी टेम्प्लेट बघतात. आम्ही इथे वेगळी कसोटी लावली आहे. नोकरीत किंवा ऑर्डरवर केलेलं काम आपल्या हातचं असतं, पण सहसा आपल्या मालकीचं नसतं. ते काम कायदा न मोडता दाखवायला कुठलं साधन खरंच मदत करतं आणि कुठलं नकळत अडचणीत आणतं? डिझायनर, इलस्ट्रेटर, कॉपीरायटर, फोटोग्राफर आणि व्हिडिओ एडिटर अशा पाच प्रकारच्या लोकांची गरज धरून हा आढावा लिहिला आहे.

निकाल आधीच सांगतो. उघडपणे दाखवायची लेखी परवानगी आहे त्या कामासाठी बिहान्स ही अडोबीची, काम सर्वांसमोर मांडायची साइट उत्तम. 'मुलाखतीपुरतं दाखवा, जाहीर नको' अशी परवानगी असेल तर अडोबी पोर्टफोलिओ या वेबसाइट बनवण्याच्या साधनातलं पासवर्डचं पान किंवा नीट बनवलेली पीडीएफ. परवानगीच नसेल तर यातलं कुठलंही साधन उपयोगाचं नाही. पासवर्डमागे ठेवलेली प्रत हीसुद्धा प्रतच असते.

साधनांकडे वळण्याआधी मालकीचा मुद्दा घेऊ, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो. भारतात हा प्रश्न कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 वर येऊन थांबतो, आणि त्या कलमात नोकरी, ऑर्डर आणि वर्तमानपत्र या तिघांचे नियम वेगवेगळे आहेत. पगारी नोकरीत कामाचा भाग म्हणून केलेल्या गोष्टीचा पहिला मालक म्हणजे नोकरी देणारा. नेमणूकपत्रात याबद्दल एक ओळ नसली तरी तोच. क्लायंटने नापसंत केलेले पर्याय, पिचसाठी (काम मिळवायला क्लायंटसमोर केलेल्या सादरीकरणासाठी) केलेली आणि कधीच बाहेर न आलेली कॅम्पेन, हेही त्यातच आलं. 'ते तर वापरलंच नाही, मग माझं' असं अनेकांना वाटतं. उलट न वापरलेल्या कामात गोपनीयतेचा प्रश्न जास्त गंभीर असतो, कारण ते जगाने पाहिलेलंच नसतं.

फ्रीलान्सरची बाजू पुष्कळ मजबूत आहे. लोगो, लेबलचा लेआउट, जाहिरातीचा मजकूर यांचा हक्क करणाऱ्याकडेच राहतो, जोवर तो सही करून लेखी हस्तांतरित करत नाही. 'पूर्ण पेमेंट झालं म्हणजे हक्क आमचा' हे हस्तांतरणाचे नियम सांगणाऱ्या कलम 19 मध्ये बसत नाही. हस्तांतरणाच्या कागदात मुदत लिहायची राहिली तर ती 5 वर्षं धरली जाते, प्रदेश लिहायचा राहिला तर तो भारतापुरता. म्हणून जुने करार फेकू नका. पाच वर्षांपूर्वीच्या एका पानाच्या करारात मुदतच नसेल, तर तो कागद घेऊन वकिलाकडे जाणं फायद्याचं ठरू शकतं.

पण फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट आणि फिल्म यांचा नियम निराळा आहे, आणि इथे चांगले चांगले लोक चुकतात. हे कुणी पैसे देऊन करून घेतलं असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक करून घेणारा असतो. लग्नाचे फोटो घ्या. फोटोग्राफर पॅकेजचे पैसे घेतो, अल्बम देतो आणि त्यातले दहा उत्तम फोटो आपल्या पेजवर टाकतो. कराराविना ते फोटो त्याचे नसतात, ऑर्डर देणाऱ्याचे असतात. दिवाळी अंकासाठी मानधन घेऊन रंगवलेल्या मुखपृष्ठालाही हाच नियम लागू शकतो. उपाय साधा आहे: बुकिंगच्या पावतीवरच 'निवडक छायाचित्रं किंवा चित्र स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून वेबसाइटवर व सोशल मीडियावर दाखवण्याचा हक्क राखून' असं वाक्य छापून घ्यायचं आणि त्याखाली सही घ्यायची. लग्न झाल्यावर परवानगी मागण्यापेक्षा बुकिंगच्या वेळी मागणं केव्हाही सोपं.

वर्तमानपत्र आणि नियतकालिकांत नोकरी करणाऱ्यांसाठी कायद्यात एक चांगली तरतूद आहे, जी फार कमी जणांना ठाऊक असते. नोकरीत केलेलं लेखन किंवा चित्र नियतकालिकात छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकी बाबतीत पहिला मालक लेखक किंवा चित्रकार स्वतः. अट एकच, करारात वेगळं ठरलेलं नसावं. प्रत्यक्षात नेमणूकपत्रांत 'सर्व हक्क संस्थेचे' असं कलम सर्रास असतं, त्यामुळे आधी ते पत्र शोधून वाचा.

'पण निर्माता म्हणून माझे नैतिक हक्क आहेत ना?' आहेत. कलम 57 नुसार हक्क विकल्यावरही काम आपलं असल्याचं सांगता येतं आणि त्याची मोडतोड झाली तर हरकत घेता येते. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भित्तिशिल्प काढून टाकल्याच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये याच कलमावर शिल्पकाराच्या बाजूने निकाल दिला. पण ते काम स्वतः प्रदर्शित करण्याची मुभा या कलमातून मिळत नाही. 'हे पॅकेजिंग मी केलं' असं लिहिणं आणि त्या पॅकेजिंगची प्रतिमा अपलोड करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला सहसा कुणाची परवानगी लागत नाही. मात्र गोपनीयतेच्या करारात क्लायंटचं नाव घ्यायलाच मनाई असेल तर 'एका राष्ट्रीय दुग्ध ब्रँडसाठी' असं लिहा.

कलम 52 मधली 'वैयक्तिक वापरा'ची सूटही वेबसाइटला लागू पडत नाही, कारण जगाला उघडं असलेलं पान वैयक्तिक राहत नाही. याच कलमातला (v) हा पोटभाग मात्र कलाकारांनी जरूर वाचावा. कामाचा हक्क दुसऱ्याकडे असला तरी त्यासाठी स्वतः केलेली स्केचं, आराखडे, मॉडेल, अभ्यासचित्रं कलाकाराला वापरता येतात, फक्त त्यातून मूळ रचनेची पुनरावृत्ती किंवा नक्कल होता कामा नये. म्हणजे एखाद्या मस्कॉटसाठी (ब्रँडच्या ओळखीच्या पात्रासाठी) केलेले हातांचे, कपड्यांच्या घड्यांचे अभ्यास चालतील. अंतिम मस्कॉटची पेन्सिलमधली हुबेहूब आवृत्ती चालणार नाही. गोपनीयतेचा करार असेल तर तो इथेही आड येतोच.

आता परवानगीची ईमेल. ती कुणाला पाठवायची इथेच बहुतेक चुकतात. एजन्सी आणि क्लायंट यांच्या करारात पेमेंट झाल्यावर हक्क क्लायंटकडे जातो असं सहसा लिहिलेलं असतं. त्यामुळे एजन्सीच्या एचआरने 'हो' म्हटलं तरी मालकाने हो म्हटल्यासारखं होत नाही. आधी एजन्सीला विचारा की हक्क आता कुणाकडे आहे, मग त्या ब्रँडच्या मार्केटिंग विभागाला लिहा. फोनवरचा होकार पुरत नाही. कायद्याला परवाना लेखी लागतो, पण 2012 च्या दुरुस्तीत परवान्यासाठीची सहीची अट निघाली, त्यामुळे अधिकार असलेल्या माणसाच्या ईमेलवरून आलेलं स्पष्ट उत्तर कामाला येतं. मजकूर असा ठेवा:

'मी एप्रिल 2022 ते जून 2024 या काळात अमुक एजन्सीतर्फे आपल्या लोणच्याच्या पॅकेजिंगसाठी इलस्ट्रेशन केली. सोबत जोडलेल्या 1 ते 4 क्रमांकाच्या प्रतिमा माझ्या वेबसाइटवर आणि बिहान्सवर, फक्त कामाचा नमुना म्हणून, विनामोबदला दाखवण्याची परवानगी मिळावी. प्रतिमांखाली हक्क आपल्या कंपनीचे असल्याचं आणि माझं काम इलस्ट्रेशनपुरतं असल्याचं लिहीन. विक्रीचे आकडे किंवा अंतर्गत कागद दाखवणार नाही. आपण कळवल्यास 7 दिवसांत काढून टाकेन.'

यात प्रतिमांचे क्रमांक आणि जोडलेल्या फाइल सर्वांत महत्त्वाच्या. 'माझं तुमच्यासाठीचं काम दाखवू का?' या मोघम प्रश्नाला आलेला होकार वाद झाला की कुणाच्याच उपयोगाचा राहत नाही. उत्तर आलं की ईमेलची पीडीएफ करून स्वतःच्या खात्यात ठेवा. ऑफिसच्या ईमेलवर आलेली परवानगी नोकरी सोडताना ऑफिसातच राहते. उत्तर आलंच नाही तर तो नकार समजायचा.

बिहान्सची मोठी जमेची बाजू म्हणजे श्रेय देण्याची सोय. प्रोजेक्टमध्ये 'सहमालक' म्हणून कामातले साथीदार जोडता येतात आणि तोच प्रोजेक्ट त्यांच्याही प्रोफाइलवर दिसतो. जुन्या टीममधल्या तिघांनी एकच काम तीनदा वेगवेगळं, प्रत्येकाने फक्त स्वतःच्या नावाने टाकण्यापेक्षा हे किती तरी सचोटीचं. मजकुराच्या चौकटीत पहिल्या दोन ओळींतच स्वतःची भूमिका लिहा: 'इलस्ट्रेशन: मी. कला दिग्दर्शन, मजकूर, छायाचित्रण: एजन्सीची टीम.' भूमिका फुगवून लिहिलेली तिथे पटकन पकडली जाते, कारण बघणाऱ्यांत त्या टीममधलं कुणीतरी असतंच.

बिहान्सवर जपायची जागा आहे कॉपीराइटची सेटिंग. प्रोजेक्ट प्रकाशित करताना क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे इतरांना काम वापरू देणारे, तयार परवाने निवडायचा पर्याय येतो. नोकरीत केलेल्या कामाला तुम्ही तो परवाना देऊच शकत नाही, कारण जे आपलं नाही ते इतरांना वापरायला देता येत नाही. तिथे परवानगीविना वापर नाही हाच पर्याय निवडा आणि जुन्या प्रोजेक्टमध्येही जाऊन तपासा. असाच दोष तयार टेम्प्लेटच्या तळटीपेत असतो: साइट आपोआप तुमचं नाव आणि 'सर्व हक्क राखीव' छापते. ती ओळ बदलून 'दाखवलेल्या कामांचे हक्क संबंधित मालकांचे' अशी करा. क्लायंटच्या कामावर स्वतःच्या नावाचा वॉटरमार्क तर मुळीच टाकू नका. तो मालकीचा दावा दिसतो आणि नोटीस यायला तेवढं कारण पुरतं.

वेळेचंही भान हवं. उत्पादन बाजारात येण्याआधी काहीच टाकायचं नाही हे सगळे जाणतात, पण बाटली, डबा, खेळणं, फर्निचर अशा वस्तूंच्या आकाराबाबत धोका त्याहून मोठा आहे. डिझाइन कायदा, 2000 नुसार नोंदणीचा अर्ज करण्याआधी डिझाइन कुठेही जाहीर झालं असेल तर सहसा त्याची नोंदणी होत नाही. एका उत्साही पोस्टमुळे क्लायंटचा नोंदणीचा हक्कच धोक्यात येऊ शकतो. अशा कामात 'अर्ज दाखल झाला का?' हे ईमेलमध्ये विचारूनच पुढे जा.

अडोबी पोर्टफोलिओ या आढाव्यात आम्हाला सर्वांत उपयुक्त वाटला. क्रिएटिव्ह क्लाउड या अडोबीच्या सॉफ्टवेअर-संचाच्या सशुल्क सदस्यत्वात तो मिळतो, एका खात्यावर पाच साइट बनवता येतात, आणि पासवर्ड पूर्ण साइटला किंवा सुट्या पानाला लावता येतो. परवानगीच्या पातळ्या वेगवेगळ्या असतात तेव्हा हे फार सोयीचं: उघडी कामं बाहेर, सशर्त कामं आत. बिहान्सवरचे प्रोजेक्ट थेट आणता येतात. पण क्लायंटने काढायला सांगितलं तर दोन्हीकडून वेगवेगळं काढा आणि प्रायव्हेट विंडोत दोन्ही पत्ते उघडून खात्री करा.

त्रुटी तीन. कुलूप पानाला लागतं, होमपेजवरच्या चौकोनी कव्हरला लागत नाही, म्हणून सशर्त कामाचं कव्हर सपाट रंगाचं ठेवा आणि पानाच्या नावात किंवा पत्त्यात ब्रँडचं नाव येऊ देऊ नका. पानाला पासवर्ड एकच, त्यामुळे कुणी पाहिलं हे कळत नाही. नोकरीच्या अर्जांची एक फेरी संपली की बदलून टाका. आणि सदस्यत्व बंद पडलं की साइटही बंद पडते. खातं स्वतःच्या वैयक्तिक ईमेलवर आणि स्वतःच्या पैशांचं असू द्या. कंपनीने दिलेल्या अडोबी खात्यातल्या मजकुरावर ताबा कंपनीचा असतो, नोकरी सुटली की पोर्टफोलिओही गेला.

वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या साधनात पासवर्डचं पान एका मिनिटात होतं, पण ते कुलूप अर्धंच आहे. पानाचा मजकूर झाकला जातो. त्यातल्या प्रतिमा अपलोडच्या फोल्डरमध्ये उघड्याच राहतात आणि थेट पत्ता असणाऱ्याला पासवर्डशिवाय दिसतात. पानाचं शीर्षकही यादीत दिसत राहतं. ही परीक्षा कुठल्याही साइटवर करून बघा: पासवर्ड टाकून पान उघडा, प्रतिमेवर राइट क्लिक करून तिचा पत्ता कॉपी करा, प्रायव्हेट विंडोत तो चिकटवा. प्रतिमा उघडली तर ती जागा गोपनीय कामाला नालायक. 'सर्च इंजिनपासून लपवा' हे बटण पासवर्डची जागा घेत नाही, आणि रोबोट्स फाइलमधून (सर्च इंजिनांना काय वाचू नये ते सांगणाऱ्या फाइलमधून) गूगलला अडवलं तरी पत्ता निकालात येऊ शकतो. त्यासाठी पानातच 'हे निकालात दाखवू नका' असं सांगणारा नोइंडेक्स टॅग लागतो.

पीडीएफ हा जुना पर्याय आम्हाला अजूनही आवडतो, कारण ती कुणाला पाठवायची हे आपल्या हातात असतं. पण ती बनवताना होणारी चूक नीट पाहण्यासारखी आहे. अडोबीच्या इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ सेव्ह करताना 'इलस्ट्रेटरमध्ये संपादनाची क्षमता टिकवा' या अर्थाच्या चौकोनात टिक राहिली, तर त्या फाइलच्या पोटात पूर्ण मूळ आर्टवर्क जातं: लपवलेले लेयर, आर्टबोर्डबाहेर ठेवलेले नाकारलेले पर्याय, कोपऱ्यात क्लायंटसाठी लिहिलेली टीप. समोरच्याने ती इलस्ट्रेटरमध्ये उघडली की सगळं बाहेर. तसंच किंमत किंवा ग्राहकाच्या नावावर काळा आयत ठेवला तर खालचा मजकूर जागच्या जागी असतो. निवडून कॉपी केला की वाचता येतो. ॲपच्या स्क्रीनशॉटमधली खऱ्या ग्राहकांची नावं, फोन नंबर ब्लर करू नका, खोट्या मजकुराने बदला. आता 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही डोक्यात ठेवायला हवा. शेवटी प्रत्येक पान लांब बाजूला 1600 ते 2000 पिक्सेलची जेपीजी म्हणून काढून त्यांची नवी पीडीएफ बांधा. फाइलच्या नावात आणि प्रॉपर्टीजमध्ये क्लायंटचं नाव किंवा 'फायनल फायनल 3' राहिलंय का, तेही बघा. गूगल ड्राइव्हवरून पाठवणार असाल तर 'लिंक असलेला कुणीही' हा पर्याय टाळून ठरावीक ईमेलना परवानगी द्या आणि बघणाऱ्यांसाठी डाउनलोड, प्रिंट, कॉपी बंद करा. स्क्रीनशॉट त्यानेही थांबत नाही.

ऑफिसच्या सर्व्हरवरून मूळ लेयरच्या फाइल उचलून आणण्याचा मोह टाळा. पोर्टफोलिओला त्यांची गरजच नसते. बाजारात आलेलं पाकीट विकत आणा, खिडकीजवळ ठेवून स्वतः फोटो काढा. त्यावरचं आर्टवर्क क्लायंटचंच राहतं, पण निदान फाइल चोरल्याचा प्रश्न उरत नाही. कॉपीरायटर आणि पत्रकारांसाठी सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे मूळ प्रकाशित पानाची लिंक देणं, आणि छापील अंक जपून ठेवणं. मुलाखतीत तो अंक टेबलावर ठेवला तर नवी प्रत निघतच नाही.

पोर्टफोलिओच्या साइटचे फॉन्ट कुणी तपासत नाही. एजन्सीने डेस्कटॉपसाठी घेतलेला देवनागरी फॉन्ट तुमच्या वेबसाइटवर चढवायचा परवाना तुमच्याकडे नसतो, वेबचा परवाना बहुधा वेगळाच असतो. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट खुल्या परवान्याखाली आहेत, मराठी पोर्टफोलिओला ते पुरून उरतात.

व्हिडिओ एडिटरसाठी यूट्यूबपेक्षा व्हिमिओ ही व्हिडिओ ठेवायची साइट सरस. यूट्यूबवरचा 'अनलिस्टेड' व्हिडिओ लिंक मिळालेला कुणीही पुढे पाठवू शकतो, 'प्रायव्हेट' ठेवला तर समोरच्याला गूगल खात्याने लॉगिन करावं लागतं आणि भरती करणारे त्या भानगडीत पडत नाहीत. व्हिमिओच्या सशुल्क प्लॅनवर पासवर्ड लावता येतो, आणि लिंक तीच ठेवून आतली फाइल बदलता येते. क्लायंटने 'तो चार सेकंदांचा शॉट काढा' म्हटलं की नवा कट चढवायचा. वीस अर्जांमध्ये दिलेली लिंक तशीच चालते. यूट्यूबवर फाइल बदलत नाही, स्टुडिओतल्या एडिटरमध्ये ट्रिम, ब्लर असे मोजकेच बदल हाती असतात.

शोरीलमध्ये, म्हणजे निवडक शॉट जोडून केलेल्या नमुन्याच्या व्हिडिओत, संगीताची परवानगी वेगळी लागते. जाहिरातीसाठी क्लायंटने घेतलेला परवाना त्या जाहिरातीपुरता, बहुतेकदा ठरावीक मुदतीचा असतो; मॉडेल आणि कलाकारांच्या करारांचंही तसंच. म्हणून रीलला स्वतःच्या नावाने परवाना घेतलेला एकच ट्रॅक लावा, पावती फोल्डरमध्ये ठेवा, आणि शेवटी किमान 3 सेकंद थांबणारी एक पाटी द्या: प्रत्येक शॉटसमोर ब्रँड, एजन्सी, दिग्दर्शक, आणि त्यात तुमचं काम नेमकं काय होतं.